डागाबरोबर कापडही

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि दार धडधडलं. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका होते. जन्मभर मान खाली घालून शिवलं, म्हणून आता म्हातारपणी दुर्बिणीतून वर बघतात. हातात दोन फोटो आणि चेहरा लालबुंद.

"सूनबाई, हा कोपरा बघ! नारिंगी! तुमच्या गॅलरीतल्या नव्या दिव्याची कृपा!"

फोटोत दूरची एक दीर्घिका होती, वळणदार हातांचं ताऱ्यांचं भिरभिरं, अंधुक आणि सुरेख; पण डावीकडून तिच्यावर उजेड चढत आला होता.

आमचे हे आतूनच म्हणाले, "काका, असला उजेड पुसणारं सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं की!"

"तेच वापरलं, शहाण्या! रिकामं आकाश कुठे आहे, तिथे आपण टिंबं ठेवायची. मग ते तसला उजेड सगळीकडून वजा करतं. तुझ्या दिव्याच्या उजेडात रिकामं काय नि भरलेलं काय, मला कळेना. एक टिंब दीर्घिकेच्याच हातावर पडलं. डाग काढायला गेलो आणि कापडच गेलं!"

त्यांनी दुसरा फोटो टेबलावर आपटला. आकाश काळंभोर, पण दीर्घिकेचा एक हात गायब.

"म्हणून दिवा काढू? चोर आले तर?" हे बाहेर येत म्हणाले.

"चोर काय आभाळातून उतरणार आहेत? मग तुझा दिवा वर कशाला बघतो?"

मला हसू आलं, काकांना नाही. त्यांचा आवाज मात्र खाली आला.

"आजची रात्र गेली की चंद्र आडवा येईल, फोटो आजच घ्यायला हवा. सूनबाई, दिवा राहू दे. संध्याकाळपर्यंत त्याला वरून एक पत्र्याची टोपी बसव."