शुभेच्छांची तार

जामसंड्याच्या आमच्या शाळेत पहिला संगणक आला, आणि दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला मी एकटाच त्यातला जाणकार ठरलो. मी मुलांना सांगत होतो, की छपाईसारखी कामं यंत्रात आधीच लिहून ठेवलेली असतात. आपण फक्त ठरलेला नंबर द्यायचा, आत डोकावायचं नाही. कुणालाच कळेना. मग पोस्टातल्या शुभेच्छांच्या तारेचं उदाहरण दिलं: पोस्टाच्या छापील यादीतल्या वाक्याचा आपण नुसता नंबर लिहितो आणि पलीकडे अख्खं वाक्य पोचतं.

दारात उभं राहून ऐकणाऱ्या हेडमास्तरांना हे फारच आवडलं. दोडामार्गला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. त्यांनी वर्गासमोरच तारेच्या फॉर्मवर आठवणीनं नंबर लिहिला आणि शिपायाला पोस्टात पिटाळलं.

चार दिवसांनी ते लालबुंद होऊन वर्गात आले. भर मांडवात तार वाचली गेली होती: ‘बाळाच्या आगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन!’

“अहो, माझ्या मनात लग्नच होतं!” ते मला म्हणाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, मनातला तारेक कसा कळतला? जो नंबर दिल्यात, तोच गेलो.”

वर्गाला धडा समजला. नवरीच्या वडिलांना समजावायला मात्र हेडमास्तरांना स्वतः दोडामार्ग गाठावं लागलं.