दोर कोण धरील

झाडाखाली उभा राहिला की तो डोक्यावरची टोपी काढून कमरेला खोचायचा आणि कोणी काही विचारलेलं नसताना सांगायचा, "भ्या वाटतंय. जरा थांबा."

मग झाडाभोवती एक फेरी. कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकायचा, कान लावायचा, दोन पावलं सरकून पुन्हा ठोकायचा. जमलेली माणसं कंटाळायची, हसायची. बायकांसारखा भितोस, असं कोणी म्हणालं तर तो म्हणे, "माझी बायको भीत न्हाय. म्हणून ती खाली असते आन् मी वर."

ते खरंच होतं. तो वर चढायचा आणि दोराचं खालचं टोक त्याची बायको धरायची. दुसऱ्या कोणाच्या हातात त्याने दोर दिलेला मी पाहिला नव्हता.

मी तेव्हा लोकल बोर्डात ओव्हरसियर होतो. एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागची गोष्ट. अलिबागहून रेवदंड्याकडे येणारा रस्ता माझ्याकडे होता आणि रस्त्यासोबत दोन्ही बाजूंची झाडंही. झाड पाडणारे पुष्कळ मिळत. पण झाड जिवंत ठेवून त्याची मोडकी, किडलेली किंवा घरावर झुकलेली फांदी तेवढी नेमकी उतरवणारा हा एकटाच. कुऱ्हाड, करवत, कोयता आणि काथ्याचे दोन दोर, एवढाच त्याचा संसार. फांदी कापली की जखमेवर तो शेण आणि डांबर कालवून लावी, आणि लावताना झाडाशी काहीतरी पुटपुटे. काय, ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

तरुणपणी तो गलबतावर खलाशी होता. त्याच्याबरोबरचा एक जण डोलकाठीवर चढला असताना खालच्यांशी थट्टा करत होता आणि हसता हसताच पडला. "तो भ्याला न्हाय," हा इतकंच सांगायचा. अलिबागला जायला मोटार सुरू झाली होती, तरी तो चालत जाई. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "हाकणारा गाणी म्हणतो, ओवरशेर साहेब. भीत न्हाय तो."

मला या सगळ्याची गंमत वाटे. खरी भीती अजून माझ्या वाट्याला आली नव्हती.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता समुद्रावरून मोठं वादळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवदंड्याचा एक व्यापारी माझ्या बिऱ्हाडी धावत आला. त्याच्या घरामागची चिंच रस्त्याच्या हद्दीत होती. तिची सर्वांत मोठी फांदी बुंध्याशी चिरली होती आणि कौलांवर लटकत होती. घरात त्याची म्हातारी आई. पंधरा दिवसांपूर्वी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पाय फळीला बांधलेला होता. खाट दारातून निघत नव्हती. उचलून न्यायला गेले तेव्हा ती वेदनेने बेशुद्ध पडली होती.

मी त्याला घेऊन झाडवाल्याच्या घरी गेलो. तो एकटाच होता. बायको मुलीच्या बाळंतपणाला खाडीपलीकडे गेली होती, आणि खाडी अजून इतकी खवळलेली होती की होडी सुटत नव्हती.

त्याने येऊन चिंच पाहिली. ठोकली, ऐकली. वारा थांबलेला नव्हता. प्रत्येक झोताबरोबर फांदी करकरत होती आणि ती चीर उघडमीट करत होती.

"उद्या येईल बायको," तो म्हणाला.

"उद्यापर्यंत ही राहील?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग?"

"दोर कोण धरील?"

"मी धरतो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी विचार करून म्हणालो नव्हतो. व्यापारी माझ्याकडे बघत होता, शेजारीपाजारी बघत होते, आणि मी सरकारी माणूस होतो.

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, तळवे उलटून पाहिले आणि सोडून दिले. मग म्हणाला, "आधी खालाला भेटून येतो."

व्यापाऱ्याच्या आईला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणे. मी त्याच्या मागोमाग आत गेलो. म्हातारी छताकडे डोळे लावून पडली होती. ओठ हलत होते, हातात तसबीह, जपाची माळ होती. हा खाटेशी जमिनीवर बसला.

"खाला, फांदी उतरवतोय. वर आवाज होईल."

"बाबा, तू पडशील," ती म्हणाली.

"भ्या तर वाटतंयच. मी वर भितो, तुम्ही खाली भ्या. दोघं मिळून निभावू."

म्हातारीने तसबीह दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तिच्या मुलानेही तिच्यापाशीच बसायचं ठरवलं. किती सांगितलं तरी तो बाहेर आला नाही.

काम समजायला सोपं होतं. एक लहान दोर त्याच्या कमरेला आणि बुंध्याला. मोठा दोर फांदीला बांधलेला, तिथून वरच्या बेचक्यातून खाली आणलेला आणि चिंचेच्या बुडाला तीन वेढे दिलेला. वेढ्यांच्या या टोकाला मी. फांदी सुटली की तिचा भार वेढ्यांवर येणार, आणि मी हाताहाताने दोर ढिला सोडत तिला घरापासून दूर अंगणात उतरवायचं. "वेढे काम करतात," तो म्हणाला. "तुम्ही फक्त हात सोडायचा न्हाय."

करवत चालू झाली. माझ्या तोंडावर भुसा पडत होता. वरून तो मधूनमधून सांगत होता, "पाय लटपटतायत माझे, साहेब," आणि त्याच्या आवाजाने मला धीर येत होता.

मग वाऱ्याचा एक झोत आला आणि उरलेलं लाकूड करवतीच्या आधीच फाटलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. दोर माझ्या हातांतून पळायला लागला, आणि मी तो सोडला. हात निसटला नाही, ओढलाही गेला नाही. भाजल्यासारखं झालं आणि मी बोटं उघडली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. एक श्वास असेल. त्या एका श्वासात फांदीचा शेंडा कौलांवर आदळला आणि तिचं बूड उलटून वर उसळलं, ते बुंध्याला धरलेल्या त्याच्या डाव्या हातावर बसलं.

तो ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "धरा, साहेब. धरा."

मी पळत्या दोरावर झडप घातली. तळव्यांची कातडी दोराबरोबर गेली, पण वेढे आवळले आणि फांदी थांबली. ती अंगणात टेकेपर्यंत मी दोर इंच इंच सोडत होतो. रडत होतो हेही मला नंतर कळलं.

आत गेलो तेव्हा कोपऱ्यातली कौलं फुटून खाली आली होती. म्हातारी धुळीने पांढरी झाली होती, तिचा मुलगा तिच्यावर ओणवा पडला होता. दोघंही धड होती. ती विचारत होती, "वरचा कसा आहे?"

वरचा एका हाताने उतरत होता. दोन बोटं चिरडली होती. ती पुढे कायमची वाकडीच राहिली.

लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फांदी फिरली." मी तिथेच उभा होतो, हात धोतरात लपवून. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिने त्याचा हात पाहिला, मग माझे तळवे पाहिले, आणि काहीच विचारलं नाही. मला वाटलं, आता विचारील. पुढचे कित्येक दिवस रस्त्यात ती दिसली की मी वाट बदलायचो. तो सांगेल ही एक भीती, आणि तो सांगत नाही ही दुसरी.

तीन महिन्यांनी तो माझ्या दारात आला. वाकडी बोटं तेलाने चमकत होती.

"चौलाच्या वाटेवर उंडी हाय," तो म्हणाला. "तिची एक फांदी वाटेवर आलीय. घाई न्हाय, पण उतरवूया. उद्या सकाळी या. दोर धराया."

"तुझी बायको आहे ना?"

"ती हाय. तुम्ही या."

मी होय म्हणालो. रात्रभर मला तो बंदुकीसारखा आवाज ऐकू येत होता. सकाळी मी गेलो नाही. तपासणीला साहेब येणार आहेत असा निरोप पाठवला. तो खोटा होता. पुढच्या महिन्यात माझी पेणला बदली झाली आणि मी सुटलो.

पाच-सहा वर्षांनी काही कामासाठी रेवदंड्याला आलो तेव्हा कळलं, तो गेल्या पावसाळ्यात तापाने गेला. मी त्याच्या घरी गेलो. बायको अंगणात बसून नारळाची सोडणं वेगळी करत होती. मला तिने लगेच ओळखलं. पाणी आणून दिलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी चिंचेखाली..."

"तुम्ही दोर सोडला होता," ती म्हणाली. "मी आले त्याच दिवशी त्यांनी सांगितलं मला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ते म्हणाले, सोडला त्यात काय. समदे सोडतात. पण सायबाचे हात बघ, सोललेत. सुटलेला दोर परत धरल्याबगर हात असे सोलत न्हाईत." तिने एक सोडण बाजूला टाकलं. "म्हणून तर उंडीला तुम्हाला बोलावलं. दोराला मला हात लावू दिला न्हाय. दोन प्रहरपर्यंत तुमची वाट बघितली, मंग दोर गुंडाळून घरी आले. ती फांदी मग कापलीच न्हाय त्यांनी."

परतताना मी टांगा चौलाच्या वाटेने घ्यायला सांगितला. उंडी तिथेच होती. फांदी आणखी जाड झाली होती आणि वाटेवर चांगलीच आडवी आली होती. मी टांगेवाल्याला थांबवलं, खाली उतरलो आणि तिच्या खालून हळूहळू चालत गेलो.