गुरुवारची हजेरी

सताड उघड्या दारासमोर उभं राहून "मालक, आत येऊ का?" असं दिवसातून चाळीस वेळा विचारणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय? नसेल तर सुखी आहात. मला तो रोज भेटायचा आणि रोज माझं डोकं उठायचं.

भवानी पेठेत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शांताबाई माझ्याकडे काठांना शिलाई मारते. हा तिचा नवरा, मूळचा वैरागचा. कचेरीबाहेर टायपिंग करायचा, खोटे दाखले करून दिले म्हणून आत गेला. वागणूक चांगली, म्हणून शिक्षा संपण्याआधी सोडला, पण देखरेखीखाली. दर गुरुवारी पोलीस ठाण्यात सही करायची, परिवीक्षा अधिकारी मॅडमचं लक्ष राहणार, आणि बाहेर कुणीतरी जबाबदार माणूस हवा. विनाकारण हजेरी चुकली की उरलेले चौदा महिने परत आत. शांताबाईनं हात जोडले आणि मी जबाबदार माणूस झालो. हौस दांडगी!

टॉवेलच्या घड्या घालायला त्याला बसवलं. काम नीटनेटकं, तक्रारीला जागा नाही. पण एकदा हैदराबादचा व्यापारी समोर बसलाय, भाव ठरतोय, आणि हा मध्येच येऊन उभा. "मालक, लघवीला जाऊ का?"

"अरे बाबा, जा की! मला काय विचारतोस?"

"न्हाय, सांगितलेलं बरं असतंय."

चहा पुढे ठेवला तर तो गार होईपर्यंत बघत बसायचा. घे म्हटल्याशिवाय कप उचलायचा नाही. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सगळे घरी गेले, तरी हा भिंतीला पाठ लावून उभा.

"आता काय?"

"गिनती घ्या की, मालक."

आत रोज संध्याकाळी माणसं मोजतात म्हणे. मी कपाळावर हात मारला. पण त्याचा चेहरा बघून हसूही येईना. "एक!" मी ओरडलो. तेव्हा कुठं तो चपला शोधायला लागला. पुढं मी रोज "एक" म्हणायचो. चिडून म्हणायचो, पण म्हणायचो.

ठाण्यात सुरुवातीला मी बरोबर जायचो. तिथले जुने हवालदार बाहेर येऊन त्याला हाक मारायचे, मग हा आत जाऊन सही करायचा. नंतर तो एकटा जायला लागला.

त्या गुरुवारी माझा माल मोडनिंबला पाठवायचा होता आणि टेम्पोवाला खोळंबला होता. शांताबाईचा मोबाईल याच्याकडे. तीन वेळा फोन आला. "मालक, जुनं हवालदार न्हाईत. कुणी बोलवंना. जाऊ का आत?"

तिसऱ्यांदा मी भडकलोच. "बोलावतील तेव्हा जा! तोवर जागचा हलू नकोस. आणि परत फोन केलास तर बघ!"

तो हलला नाही. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. हजेरीचं पुस्तक कधीच बंद झालं होतं. त्याच्या नावापुढं गैरहजर.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई चांगल्या. म्हणाल्या, "पाच तास बाहेर होतास, मग आत का नाही आलास? कुणी थांबायला सांगितलं होतं का? तसं असेल तर सांग. मी कारण लिहीन, प्रकरण मिटेल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कारखाना, माझं नाव, पोलिसांचं झेंगट, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी टेबलावरच्या कागदांकडं बघायला लागलो.

"डोळा लागला, मॅडम," तो म्हणाला.

"पाच तास?"

"व्हय."

मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मग त्यांनी ते लिहून घेतलं आणि जबाबदार व्यक्ती म्हणून खाली माझी सही घेतली. मी केली. लाज वाटते सांगायला, पण केली.

पुढच्या आठवड्यात त्याला नेलं. घड्यांचं काम मीच करतो आता. त्याच्यासारख्या कडा जुळत नाहीत.

काल शांताबाईनं मशीन थांबवलं. म्हणाली, "मालक, त्यांना दिवसा झोप येत न्हाय वो. लग्नापास्नं बघते मी. मग त्या दिवशीच कशी लागली? तुमाला काय बोलले का?"

"नाही, बाई," मी म्हणालो.