झेनॉनमधली उगवण

मी साखरखेर्ड्याची. सिलिकॉनचे नखाएवढे प्रकाश-सेन्सर तपासणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. खोटा नम्रपणा आपल्याला जमत नाही. हे सेन्सर मोठ्या टाकीत, द्रवरूप झेनॉनमध्ये बुडवून ठेवतात. एखादा कण झेनॉनला धडकला की डोळ्याला न दिसणारा इवलासा उजेड होतो. तो सेन्सरनं पकडायचा. झेनॉन द्रव राहायला थंडी लागते, उणे शंभर अंशांच्या आसपास.

नवा लॉट आला तेव्हा आम्ही तो आधी साध्या खोलीत, टेबलावर तपासला. मिट्ट अंधारातही सेन्सर उजेड दिसल्याच्या खोट्या खुणा देत सुटले. उष्णतेनं तसं होतंच आणि थंडीत ते कमी होतं, पण हे नेहमीपेक्षा फारच होतं. प्रमुख म्हणाले, परत पाठवा. म्हणजे वर्ष वाया आणि टाकीतली आमची जागा दुसऱ्या गटाला! माझं डोकंच फिरलं.

आमच्याकडे पेरणीआधी माय घरच्या सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. बी सुरकुतलेलं दिसो, चिखलीचा व्यापारी नाक मुरडो, ती कोणाचं ऐकत नाही. ओल लागल्यावर मोड येतो का, तेवढंच बघते.

मी प्रमुखांना म्हणाले, "सर, यांना जिथं राबायचंय तिथंच बघू. गरम टेबलावर निकाल नका लावू."

त्यांनी बजावलं, थंड टाकी एकदाच मिळेल. तिथंही हे बोंबलले तर यापुढं तुमचं मत कोणी विचारणार नाही. मी म्हटलं, चालेल.

टाकी हळूहळू थंड होत गेली. त्या दिवसांत मी फक्त मायशीच धड बोलले. फोनवर तिला सगळं सांगितलं. इकडे खोट्या खुणा विरळ झाल्या, मग जवळजवळ थांबल्याच. चाचणीचा अगदी मंद दिवा लुकलुकवला, तर पडद्यावर एकेका प्रकाशकणाची खूण स्वच्छ, वेगळी उभी राहिली. आनंदानं रडूच फुटलं मला. प्रमुखांनी लॉट पास केला आणि चहा मागवला.

मी घरी फोन लावला.

"उगवलं काय वो बाई?" मायनं विचारलं.

"हाव माय. दोनचार पोचट निघाले, बाकी सारं उगवलं."

"मंग वाट कायची पाहून राह्यली? पेर आता."