नेपाळला गेलो आणि वांगं गेलं

मी वांगं खात नाही, याला नेपाळ जबाबदार आहे. तब्येतीचं कारण नाही, नावडीचं तर मुळीच नाही. भरलं वांगं म्हणजे माझा जीव की प्राण. (हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटलंय, पण ते गिळण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.)

सुरुवात झाली काष्टीच्या बाजारात. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो आणि माझा मित्र नामदेव, म्हणजे नाम्या, मॅट्रिकला बसून बसून शेवटी शेतात उभा राहिला होता. त्या दिवशी बैलबाजारात एक दाढीवाला गोरा अवतरला. पाठीवर भलंमोठं बोचकं, त्यात अंथरूण, भांडी, सगळा संसार. त्यानं पेरू घेतले, बैलांचे दात मोजणाऱ्या माणसांकडे बराच वेळ बघत बसला आणि नगरच्या एस.टी.त चढून गेला.

"ह्याला घरचं कुनी इचारत नसंल का रं?" नाम्या म्हणाला.

"नसेल."

"मंग लई मजा असंल."

झालं. पाठीवर घर घेऊन परक्या देशात हिंडायचं, मिळेल ते खायचं, जागा दिसेल तिथं पथारी टाकायची. कसं वाटत असेल? आम्हाला दुसरं काही सुचेना. आमच्या खिशाला झेपणारा आणि पासपोर्ट न मागणारा परका देश एकच होता, नेपाळ. गावातल्या शिंप्याकडून ताडपत्रीच्या दोन पाठपिशव्या शिवून घेतल्या. राहिला प्रश्न आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा.

"हिंडायला?" आबा म्हणाले. "गावात हिंडतोस ते कमी पडतंय व्हय?"

माझं बी.ए. मागे सरकलं. नाम्या पुढे सरकला. "हिंडाया न्हाई आबा. पशुपतिनाथाला चाललोय आमी. वाटंत काशी लागती."

आबांनी तळहातावरची तंबाखू तशीच परत डबीत टाकली. "काशी? मंग आधी का न्हाई सांगितलं? आपल्या घरातनं अजून कुनी काशी केली न्हाई रे. माझा बाप म्हणत म्हणत गेला." त्यांचे डोळे भरून आले. आई आत गेली आणि चिंचेनं घासलेला तांब्याचा गडू घेऊन आली. आबांनी तो माझ्या हातात दिला. "गंगा भरून आन. आल्यावर मावंदं घालू, सगळ्या गावाला जेवायला सांगू. आता माझी मान तुझ्या हातात हाय."

घरातून निघालो तेव्हा आम्ही दोन भटके होतो. वेशीबाहेर पडेपर्यंत दोन यात्रेकरू झालो होतो. बायका वाटेत थांबवून पाया पडत होत्या आणि नाम्या निर्लज्जपणे आशीर्वाद देत होता.

परतीची वाट पाटण्यावरून होती, म्हणून काशीत जातानाच गडू भरला. एका कल्हईवाल्यानं त्याचं तोंड झाळून पक्कं बंद करून दिलं. तो माझ्या पिशवीला बांधला आणि आम्ही नेपाळात शिरलो. तिथून पुढं प्रवास गडूनं केला, आम्ही नुसते बरोबर होतो.

घाटाच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्याला गडू दिसला. "गंगाजल?" त्यानं हात जोडले, उठला आणि खिडकीची जागा गडूला दिली. आता गडू काही एकटा बसणार नाही. त्याला मांडीवर घेऊन नाम्या बसला. (गडू त्या क्षणी नाम्याच्या हातात का होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.) एका वळणावर बस 'अहाहा' म्हणून एका अंगाला कलली. हिमालय दिसला होता. मला नाम्याची मान दिसली.

"नाम्या, कसा आहे रे?"

"पांढरा," नाम्या म्हणाला.

काठमांडूत एका बाईंच्या स्वस्त खाणावळीत माडीवर उतरलो. तिथं सगळे आमच्या बाजारातल्या गोऱ्यासारखेच, केस वाढवलेले, पाठीवर बोचकी घेतलेले. मला आनंदाचं भरतं आलं. हेच तर बघायला आलो होतो! रात्री त्या बाई सगळ्यांना तांदळाची पांढरी दारू आणि मांस भरलेले वाफेवरचे उंडे वाढत आल्या. हे काय असतं, कसं लागतं, मला विचारता सोय नाही इतकी उत्सुकता. बाई आमच्यापाशी आल्या, कोनाड्यातल्या गडूकडे बघितलं आणि भांडं मागं घेतलं.

"आप लोग तीर्थवाले हैं. आपको नहीं."

आम्हाला वरणभात. सकाळ, संध्याकाळ, वरणभात. बाई रोज गडूवर फूल वाहायच्या, आणि शेजारचा एक गोरा चवकशीला आला.

"व्हॉट इज इनसाइड?"

"रिव्हर," मी म्हणालो.

तो विचारात पडला. "होल रिव्हर?"

"नो, नो. लिटल."

दुसऱ्या दिवसापासून तो गडूपुढे मांडी घालून डोळे मिटून बसू लागला. मग त्याच्या दोघी मैत्रिणीही. त्या गल्लीत जे जे चाखायचं, बघायचं मनात आणलं होतं, त्या प्रत्येकाच्या आड तो गडू उभा. मी नाम्याला म्हटलं, "हा इथंच ठेवून थोडं हिंडून येऊ." नाम्या म्हणाला, "आनि कुनी उघडला तर? आबाची मान?" मी गडू उचलून बरोबर घेतला. देश पाहिला, पण खिडकीतून पाहिल्यासारखा. आणि खिडकीत नाम्या.

काष्टी स्टेशनावर उतरलो तर हलगी वाजत होती. आबांनी अर्धं गाव आणलं होतं. पाय धुतले, हार घातले. आबांनी गडूला कान लावून हलवून पाहिलं, आत पाणी डुचमळलं, आणि त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी मावंदं. गंगेची पूजा झाली, गडू उघडला, सगळ्यांना पळी पळी तीर्थ मिळालं. पंगत बसली. माझ्या ताटात आईनं खास माझ्यासाठी केलेली भरली वांगी पडली, चांगली देठासकट. मी पहिला घास उचलला तोच समोरून आत्यानं विचारलं, "काशीला काय सोडून आलास रं?"

काशीला जाणारानं आपला आवडता जिन्नस कायमचा सोडून यायचा असतो, हे मला माहीत होतं. आठवलं नव्हतं, एवढंच. नाम्या शेजारी होता. तो घास न थांबवता म्हणाला, "सफरचंद."

पंगतीत कौतुकाची लाट गेली. काष्टीत तेव्हा सफरचंद फक्त आजाऱ्याच्या उशाशी दिसायचं. नाम्यानं जन्मात एक खाल्लं होतं, तेही गोवर आला तेव्हा.

"आनि तू?"

"कारलं," मी म्हणालो.

"कारलं?" आईच ओरडली. "कारलं तू खातोस कधी मेल्या?"

पंगत हसली. आबा हसले नाहीत. हातात तुपाची वाटी घेऊन ते तसेच उभे होते, सगळ्या गावासमोर. घरातली पहिली काशी आणि पोरगं कारलं सोडून आलेलं. त्यांचा चेहरा बघवेना. माझी नजर खाली ताटात गेली.

"वांगं," मी म्हणालो.

आत्या उठली, तिनं माझ्या ताटातली वांगी एकेक करून उचलली आणि नाम्याच्या ताटात टाकली. आबा आले, माझ्या भातावर अख्खी वाटी तूप ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरानं जीव सोडला असता, पर वांगं सोडलं नसतं. ते सोडलं." खरं सांगतो, इतके खूश आबा मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

तेव्हापासून कुणाच्याही लग्नात मी पंगतीला बसलो की वाढप्याला कुणीतरी ओरडून सांगतं, "तिथं वांगं नको, काशीचं हाय." आबा जाऊनही आता पुष्कळ दिवस झाले. एकदा घरात कुणी नसताना मी घास हातात घेतलासुद्धा. पण वाटी घेऊन उभे असलेले आबा दिसले आणि तो खाली ठेवला.

परवा नाम्या आला होता, तोंड पाडून. म्हणाला, "दत्तू, आता सफरचंदाच्या गाड्याच्या गाड्या गावात येत्यात. नातवंडं माझ्यापुढं बसून खात्यात अन् विचारत्यात, आजोबा, पायजे का?"

मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून सांगितलं, नाम्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस. तिनं नेमकी भरली वांगी केली होती. नाम्यानं ती माझ्यासमोर बसून तीनदा मागून घेतली.