तीन वाटांनी गेलेला एक निरोप

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बिनतारी संदेशाची सोय सरकारने आमच्या चांदा जिल्ह्यात आणण्याच्या कितीतरी आधी ती आमच्याकडे उत्तम चालू होती. तार नव्हती, खांब नव्हता, यंत्र तर नव्हतंच. माणसं होती, आणि ती सतत कुठे ना कुठे निघालेली असत.

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावातून निरोप धाडायचा तर त्या बाजूच्या बाजाराला निघालेल्याच्या कानात घालायचा. तो पुढच्याच्या कानात घालणार. पण साऱ्यांचा भरवसा एका कासारणीवर. ती घराघरात शिरे आणि शब्दाला शब्द सांगे. म्हणून पंचक्रोशीतले निरोप तिच्याच डोक्यावर. लगीनसराईत बांगड्यांपेक्षा निरोपांचं ओझं जास्त व्हायचं. घरोघरी थांबणं, चहा, सुपारी. बारशाचं बोलावणं पोचेपर्यंत बाळ अंगणात रांगत असे.

अशा त्या सन पन्नासनंतरच्या एका उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी वैनगंगेपलीकडची, चामोर्शीच्या बाजूची. सासरे महातापट. थोरलीच्या वेळी आलेली पहिली वरात त्यांनी केवळ उशीर झाला म्हणून वेशीवरूनच परत पाठवली होती. आणि नेमकी माझ्या मामाची बंडी राजुऱ्याहून येताना चाक मोडून अडकली. मामाशिवाय नवरदेव मांडवात जात नाही. म्हणजे वरात एक दिवस उशिरा! हे आधी कळवलं नाही, तर मुलगी हातची गेलीच.

"कासारणीले सांगा ना भाऊजी," आई म्हणाली.

"तिच्या डोक्यावर आधीच अर्धा तालुका हाय, वयनी!" काका म्हणाले. काका एका ठेकेदाराच्या लाकडाच्या बंड्या जंगलातून काढत. "साऱ्या बंड्या एकाच घाटानं सोडल्या तं घाट तुंबते. वाटा बदलाव्या लागतात. निरोपाचंही तसंच!"

मग काकांनी सेनापतीच्या थाटात निरोप तीन वाटांनी सोडला. कासारीण नेहमीच्या गाडीवाटेने, एक मासे धरणारा ढिवर आपल्या डोंगीतून नदीने, आणि मोहफुलं वेचायला निघालेला शेजारचा गोंड भाऊ रानातल्या पायवाटेने. "एक तरी पोचन!"

तिन्ही पोचले. तिथेच घात झाला.

सकाळी ढिवर म्हणाला, वरात एक दिवस उशिरा येणार. सासऱ्यांनी मिशी चावली आणि एक दिवस पुढे मोजला. दुपारी गोंड भाऊ म्हणाला, वरात एक दिवस उशिरा. म्हणजे आणखी एक दिवस! सासऱ्यांनी आचारी घरी पाठवला. संध्याकाळी कासारीण आली, तिनेही तेच शब्दाला शब्द सांगितलं. सासऱ्यांनी तीन दिवसांची बेरीज केली, मांडवासाठी जांभळाच्या फांद्या तोडणाऱ्यांना परत बोलावलं आणि झोपून गेले.

आम्ही ठरल्याप्रमाणे एकच दिवस उशिरा, डफडं वाजवत दाखल झालो. सासरे बैल धूत होते. नवरी कोपरापर्यंत शेणात, अंगण सारवत होती.

"आज काऊन आले?" सासरे गरजले. "घडीघडी निरोप धाडता, दिवस वाढवता, अन् आता बिनबोलावले हजर? खेळ समजले का? फिरवा बंड्या!"

"अहो भाऊ, निरोप एकच होता!" काका.

"एक? मंग हे तीन जन माह्या घरी काऊन जेवून राह्यले?"

खरंच, तिघेही ओसरीवर होते. लग्नाचा निरोप आणणाऱ्याला लग्नाचं जेवण झाल्याशिवाय त्या गावात जाऊ देत नसत.

"मी तं एकच दिवस सांगतला," ढिवर म्हणाला.

"मीबी तोच," गोंड भाऊ म्हणाला.

"मंग मी काय येगळा सांगतला?" कासारीण फणकारली.

सासऱ्यांच्या डोक्यात उजेड पडलेला मला स्पष्ट दिसला. पण अख्ख्या गावासमोर गरजलेला माणूस मागे कसा हटणार? ते बैलाचं शिंग धरून तसेच उभे राहिले. काकांनी हताश होऊन पहिली बंडी वळवायला घेतली. ऊन मी म्हणत होतं. माझ्या बाशिंगाचा लाल रंग घामासोबत नाकावरून हनुवटीपर्यंत पोचला होता.

अंतरपाट सरेपर्यंत नवरीने नवऱ्याकडे नजरही उचलायची नाही अशी रीत. ती शेणाचे हात तसेच घेऊन ताडकन उभी राहिली आणि सगळ्या गावादेखत ओरडली:

"बाबा, चूक कोनाची ते मंग पाहा! पहिले माह्या नवऱ्याले सावलीत घ्या, त्याचं बाशिंग गळून राह्यलं!"