कोळशाच्या वाघिणीतली थाप

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून जाणारा माणूस. "भावजींना बघून भूतच पळंल," असं आमची वहिनी म्हणायची. तरी हे लिहितोय... कारण जे घडलं ते भर दुपारी घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही लोधिवलीचे. मी खोपोलीच्या एका कारखान्यात कोळसा उतरवून घेणारा कारकून. वहिनी तिथंच मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या करायला रोजंदारीवर. माझा थोरला भाऊ, दादा, मात्र लांब विदर्भात कोळशाच्या खाणीत. सुट्टीवर आला की त्या शहराबद्दल सांगायचा – भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे करणारं. "वर बाजार भरतो न् खाली आमी खणतो, रं. आख्खं शेहेर पोकळीवर उभं हाय." सांगता सांगता खोकायचा.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर एका हाकेला दार उघडत नाहीत. भूत म्हणे एकदाच हाक मारतं. म्हणून दादाची खूण ठरलेली – कडी वाजवायची, खोकायचं, पुन्हा कडी. मला हसू यायचं.

त्या दुपारी दादाच्या खाणीकडून वाघिणी आल्या. मी नेहमीची चेष्टा केली, "वहिनी, दादानं कोळसा पाठवलाय. आत चिठ्ठी असेल बघा." ती पहार घेऊन हसत पुढं झाली, आणि थबकली.

आतून पत्र्यावर थाप पडली. मग खोकला. मग पुन्हा थाप.

वाघीण काठोकाठ भरलेली, आत मांजर मावलं नसतं.

"भावजी, हे हायत आत!"

मी तिचा दंड धरला. "वहिनी, उघडू नका."

"सोडा! ह्यांचा खोकला मला कळत नाय?"

हिसडा देऊन तिनं दाराची खीळ उडवली. कोळसा धबाधबा कोसळला. ती नुसत्या हातांनी उपसत राहिली, बोटं रक्ताळली. आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तार आली. थाप पडली त्याच दुपारी खाण बसली होती. दादा आत गाडला गेला होता... आणि जिवंत निघाला होता.

बरा झाल्यावर तो कायमचा घरी आला. म्हणाला, एकदम कोळसा सरकला, फट पडली, तिच्यातून सरपटत आलो. वहिनी ढसाढसा रडली. मीही रडलो. वाटलं, देव पावला.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. दादा भाकरी मोडत होता. तेवढ्यात बाहेर कडी वाजली. कुणीतरी खोकलं. पुन्हा कडी.

दादा पांढराफटक पडला.

"उघडू नका," तो हळूच म्हणाला. "गाडलो तवा माज्यामागं एक गडी होता. परमुलखातला, नुकतं लगीन झाल्याला. काळोखात लय भ्याला. म्हनून आपली खूण शिकवली त्याला. म्हटलं, आसं वाजीव, घरची मान्सं दार उघडत्यात."

"तो निघाला का?"

"फट माज्यापुरतीच होती, रं."

दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही दार बदललं, कडी काढली, तर दारावर थाप पडू लागली. हे काय आहे ते मला आजही कळलेलं नाही.

वहिनी थकली आहे. पण थाप पडली की उठते, भिंतीला धरत दारापर्यंत जाते आणि अडसरावर हात ठेवून माझ्याकडं बघते.

"भावजी, त्याचीबी कुनीतरी वाट बघत आसंल की वो."

मी नको म्हणतो. दर वेळी मीच नको म्हणतो.